ग्रबला दोष देण्याआधी: व्हर्च्युअल मशीन सुरू होत नाही तेव्हा

काही वर्षांपूर्वी मी एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, एका लॅपटॉपवरून दुसऱ्या लॅपटॉपवर नेलं. नेलं म्हणजे त्याच्या डिस्कची फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली, दुसऱ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (अशी मशीनं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नवं मशीन तयार केलं, तीच फाइल त्याला जोडली आणि स्टार्ट दाबलं. पडदा काळाच राहिला. ग्रब, म्हणजे लिनक्सला सुरू करून देणारा प्रोग्रॅम, बिघडला असणार, असं गृहीत धरून मी लिनक्सचा लाइव्ह आयएसओ (न बसवताच चालणाऱ्या लिनक्सची फाइल) लावला आणि ग्रब नव्याने बसवायला घेतला. ग्रब म्हणाला, बसायला जागा नाही. जागा करण्यासाठी मी पार्टिशन (डिस्कचा एक कप्पा) सरकवायला गेलो आणि त्या नादात रूट फाइलसिस्टिमच (सिस्टिमच्या सगळ्या फाइली असलेला मुख्य भाग) गेली. वर्षभराच्या कामाच्या नोंदी त्यात होत्या.

डिस्कवरच्या ग्रबला पहिल्यापासून काहीही झालेलं नव्हतं. नवं मशीन तयार करताना ‘एनेबल ईएफआय’ हा एक चौकोन टिक करायचा राहिला होता, एवढंच.

त्यानंतर असे प्रसंग अनेक पाहिले, स्वतःचे आणि इतरांचे, आणि एक गोष्ट पक्की कळली. खऱ्या संगणकाचा मदरबोर्ड रात्रीतून कुणी बदलत नाही. व्हर्च्युअल मशीनचा मदरबोर्ड मात्र एका सेटिंगच्या फाइलमधल्या चार ओळी असतो. डिस्क कुठल्या कंट्रोलरला (डिस्क मशीनशी जोडणाऱ्या भागाला) लावली आहे, फर्मवेअर (मशीन चालू होताच सर्वांत आधी धावणारा प्रोग्रॅम) जुनं की नवं, प्रोसेसर कुठला दाखवायचा, हे सगळं एका क्लिकने बदलतं, आणि पुष्कळदा आपल्या नकळत बदलतं. त्यामुळे व्हर्च्युअल मशीन सुरू होईना झालं की पहिला प्रश्न ‘ग्रब कसा दुरुस्त करू’ हा नसावा. ‘या डिस्कच्या भोवतालचं मशीन बदललं आहे का’ हा असावा.

पुढे ज्या आज्ञा येतील त्या मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत करायच्या.

सुरू होण्याची साखळी

बिघाड शोधायचा तर मशीन सुरू कसं होतं ते आधी माहीत हवं. हे काम चार हातांतून जातं. पहिलं फर्मवेअर, दुसरा बूटलोडर म्हणजे आपला ग्रब, तिसरा कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य प्रोग्रॅम, आणि त्याच्यासोबतचा इनिट्रॅमएफएस, चौथी रूट फाइलसिस्टिम, जिच्यात सिस्टिमडी (बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) आणि बाकीचा सगळा संसार असतो. यातल्या प्रत्येकाला फक्त पुढच्याचा पत्ता माहीत असतो. त्यापलीकडचं काही त्याच्या गावीही नसतं. म्हणून एक पत्ता चुकला की साखळी तिथेच थांबते, आणि ती कुठे थांबली हे पडद्यावर दिसतं.

फर्मवेअर दोन प्रकारचं. जुनं बायोस आणि नवं यूईएफआय. ग्रबला हाक मारायची दोघांची रीत अगदी वेगळी आहे, आणि निम्मा घोटाळा या फरकातूनच होतो.

बायोसला फाइल म्हणजे काय ते कळत नाही. ते डिस्कचा पहिला सेक्टर उचलतं, ५१२ बाइटचा, आणि त्यात जे असेल ते चालवतं. या ५१२ पैकी ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला जातात, २ बाइट खुणेला, आणि प्रत्यक्ष प्रोग्रॅमसाठी ४४६ उरतात. यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे एवढ्या जागेत मराठीची जेमतेम दीडशे चिन्हं मावतील, या परिच्छेदाची पहिली तीन वाक्यंसुद्धा नाहीत. इतक्या जागेत मेनू दाखवणारा प्रोग्रॅम बसणं शक्यच नाही. म्हणून ग्रब तिथे एक छोटा तुकडा ठेवतो, ज्याला एवढंच ठाऊक असतं की दुसरा तुकडा कुठे आहे. हा दुसरा तुकडा, ‘कोअर इमेज’ म्हणजे ग्रबचा गाभा, पहिल्या सेक्टरनंतर आणि पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या पट्टीत असतो. हल्ली पहिलं पार्टिशन बहुधा २०४८ व्या सेक्टरवर सुरू होतं, म्हणजे ही पट्टी साधारण १ एमबीची. डिस्कवर जीपीटी या नव्या पद्धतीचा तक्ता असेल तर ही पट्टी वापरता येत नाही, त्यासाठी ‘बायोस बूट’ नावाचं एक छोटं पार्टिशन वेगळं करावं लागतं. माझ्या त्या डिस्कवर ते नव्हतं. असण्याचं कारणही नव्हतं, कारण ती डिस्क यूईएफआयसाठी तयार झालेली होती.

यूईएफआयला फाइली वाचता येतात. त्यासाठी डिस्कवर फॅट प्रकारचं एक पार्टिशन असतं, त्याला ईएसपी म्हणतात. त्यात ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात उबुंटू, डेबियन किंवा फेडोरा अशा लिनक्सच्या वितरणाच्या नावाचा फोल्डर, आणि त्यात ग्रबची फाइल. पण यातली नेमकी कुठली फाइल चालवायची हे डिस्कवर लिहिलेलं नसतं. ते लिहिलेलं असतं मदरबोर्डवरच्या एका छोट्या स्मृतीत, एनव्हीरॅममध्ये. व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. तिच्याकडे पुन्हा येऊ.

तिसऱ्या हातात कर्नल. कर्नल सगळे ड्रायव्हर स्वतःच्या पोटात घेऊन फिरत नाही. रूट फाइलसिस्टिमपर्यंत पोचायला लागतील तेवढे ड्रायव्हर एका गाठोड्यात बांधून दिलेले असतात, त्याचं नाव इनिट्रॅमएफएस. मी त्याला कर्नलची शिदोरी म्हणतो. घरी पोचेपर्यंत पुरेल एवढीच. रस्ता बदलला तर ती पुरत नाही.

पडदा काय सांगतो

‘मशीन चालू होत नाही’ या वाक्यातून काहीच कळत नाही. पडद्यावर नेमकं काय आहे ते अक्षर न् अक्षर वाचायचं आणि त्याचा फोटो काढून ठेवायचा.

बूट करण्याजोगं काही सापडलं नाही, किंवा मशीन नेटवर्कवरून बूट करायचा प्रयत्न करतंय, असं दिसलं तर साखळी फर्मवेअरपाशीच थांबली. ग्रबची अजून पाळीच आलेली नाही. ‘यूईएफआय इंटरॅक्टिव्ह शेल’ असं लिहून ‘शेल’ची खूण (आज्ञेची वाट पाहणारा प्रॉम्प्ट) आली असेल तर हेच, फक्त फर्मवेअर नवं आहे.

‘ग्रब रेस्क्यू’ ही खूण म्हणजे ग्रबचा गाभा चालू झाला, पण त्याला स्वतःचा फोल्डर, म्हणजे मॉड्यूल (ग्रबचे लागतील तसे जोडायचे तुकडे) असलेली जागा, सापडत नाही. नुसती ‘ग्रब’ ही खूण म्हणजे मॉड्यूल मिळाले, पण मेनूची फाइल मिळाली नाही किंवा वाचता आली नाही. कधी कधी मेनू आणण्यासाठी आपणच एस्केप जास्त वेळा दाबलेलं असतं आणि म्हणून ही खूण येते. तेव्हा ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर दाबून पाहा, बहुधा मेनू येतो.

मेनू आला, कर्नल सुरू झाला आणि मग ‘इनिट्रॅमएफएस’ किंवा ‘ड्राकट’ (रेड हॅटकडचं, शिदोरी बांधणारं साधन) अशी खूण आली, तर ग्रबने आपलं काम चोख केलेलं आहे. बिघाड त्याच्यापुढे आहे. अशा वेळी ग्रब पुन्हा बसवणं म्हणजे पाय मुरगळल्यावर डोळ्यांत औषध घालणं, आणि तरीही बहुतेक जण पहिल्यांदा तेच करतात.

बिऱ्हाड हललं, चिठ्ठी मागे राहिली

आता फर्मवेअरपाशी थांबलेल्या मशीनकडे. यात दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली म्हणजे डिस्क ज्या पद्धतीसाठी तयार झाली तीच पद्धत मशीनमध्ये निवडली आहे का. लाइव्ह आयएसओ लावून मशीन सुरू करा आणि ‘एलएसबीएलके -एफ’ किंवा ‘पार्टेड -एल’ चालवा. काही शे एमबीचं, फॅट प्रकारचं, ईएसपी अशी खूण असलेलं पार्टिशन दिसलं तर डिस्क यूईएफआयची असण्याची दाट शक्यता. ते नसेल तर बायोसची. आणि आत्ता मशीन कुठल्या पद्धतीने सुरू आहे? ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हा फोल्डर अस्तित्वात असेल तर यूईएफआय, नसेल तर बायोस. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर डिस्कला हात लावू नका, मशीनची सेटिंग बदला.

ही सेटिंग व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगळ्या जागी सापडते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सिस्टिमच्या पानावर ईएफआयचा चौकोन आहे. व्हीएमवेअरमध्ये मशीनच्या व्हीएमएक्स फाइलमध्ये ‘फर्मवेअर’ नावाची ओळ असते. प्रॉक्समॉक्समध्ये न बदलल्यास सीबायोस, म्हणजे बायोसच, असतो. यूईएफआय हवं तर ओव्हीएमएफ निवडून ईएफआय डिस्कही जोडावी लागते. व्हर्ट-मॅनेजरमध्ये मशीन तयार करतानाच, शेवटच्या पायरीवर ‘इन्स्टॉल करण्याआधी कॉन्फिगरेशन बदला’ अशा अर्थाचा चौकोन टिक केला तर निवड करायला मिळते. घाईत तो सुटतो. हायपर-व्हीमध्ये याला पिढी म्हणतात. पहिली पिढी बायोसची, दुसरी यूईएफआयची, आणि मशीन एकदा तयार झालं की पिढी बदलता येत नाही. योग्य पिढीचं नवं मशीन करून जुनी डिस्क त्याला जोडायची.

दुसरी गोष्ट एनव्हीरॅमची. पद्धत यूईएफआयच आहे, डिस्क शाबूत आहे, आणि तरी शेलची खूण येते. याचं कारण समजून घ्यायला बिऱ्हाड हलवणं आठवा. सामान नव्या घरी आलं, पण ‘सकाळी पहिल्यांदा अमुक दार उघडा’ अशी चिठ्ठी जुन्या घराच्या भिंतीवरच चिकटलेली राहिली. लिनक्स होस्टवर (व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालतं त्या खऱ्या संगणकावर) लिबव्हर्ट, म्हणजे व्हर्ट-मॅनेजरच्या मागचं साधन, वापरत असाल तर प्रत्येक यूईएफआय मशीनची ही चिठ्ठी एक स्वतंत्र फाइल असते, बहुधा ‘/व्हार/लिब/लिबव्हर्ट/क्यूईएमयू/एनव्हीरॅम’ या फोल्डरात. आपण क्यूकाऊ२ प्रकारची डिस्कची मोठी फाइल मोठ्या काळजीने नेतो आणि काही एमबीचीही नसलेली ही फाइल मागे ठेवतो.

चिठ्ठी नसली तर फर्मवेअर एक शेवटचा उपाय करतं. ईएसपीमधल्या ‘ईएफआय/बूट’ या फोल्डरात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ नावाची फाइल आहे का ते पाहतं, असली तर चालवतं. उबुंटू आणि फेडोरा तिथे आपली फाइल ठेवतात, म्हणून त्यांची मशीनं हलवल्यावर बहुधा निमूट सुरू होतात. डेबियनचा इन्स्टॉलर आपणहून तिथे काही ठेवत नाही. म्हणूनच हलवल्यानंतर शेलमध्ये अडकलेलं मशीन पाहिलं की मी पहिल्यांदा विचारतो, डेबियन आहे का?

यातून बाहेर पडायला ग्रब पुन्हा बसवावा लागत नाही. शेलमध्ये ‘एफएस०:’ टाइप करून एंटर दाबा, म्हणजे ईएसपीत शिराल. मग ‘ईएफआय’मधून ‘डेबियन’ फोल्डरात जाऊन ‘ग्रबएक्स६४.ईएफआय’ हे नाव टाइप करा. मेनू समोर येईल. शेलमधलं टाइपिंग नको असेल तर मशीन सुरू होताना एस्केप दाबून फर्मवेअरच्या पडद्यावर जा, तिथल्या ‘बूट मेंटेनन्स मॅनेजर’मध्ये ‘बूट फ्रॉम फाइल’ आहे. तिथून तीच फाइल निवडता येते. एकदा लिनक्स सुरू झालं की आतून ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवा, म्हणजे नवी चिठ्ठी लिहिली जाते. मशीन पुन्हा पुन्हा हलवणार असाल तर सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू करू देणारी सोय) बंद असताना त्याच आज्ञेला ‘--रिमूव्हेबल’ जोडून आणखी एकदा चालवा. मग ग्रबची प्रत त्या शेवटच्या उपायाच्या जागीही राहते आणि चिठ्ठीवाचून काही अडत नाही.

शिदोरी कमी पडली

व्हर्च्युअल मशीनच्या जगातला हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा बिघाड, कारण तो सगळ्यात जास्त फसवतो.

व्हीएमवेअरवर चालणारं एखादं मशीन केव्हीएमवर (लिनक्सच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन व्यवस्थेवर) नेलं. तिथे डिस्क एससीएसआय कंट्रोलरला होती, इथे वेग मिळावा म्हणून व्हर्टआयओ, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेला कंट्रोलर, निवडला. ग्रबचा मेनू झकास येतो, कारण ग्रब डिस्क वाचण्यासाठी फर्मवेअरची मदत घेतो, स्वतःचा ड्रायव्हर वापरत नाही. कर्नलही सुरू होतो. मग अर्धा-एक मिनिट शांतता, आणि शेवटी ‘रूट फाइलसिस्टिमची वाट पाहणं सोडून दिलं’ अशा अर्थाची ओळ येऊन मशीन इनिट्रॅमएफएसच्या खुणेवर थांबतं. रेड हॅटच्या घराण्यात (रेड हॅट, फेडोरा आणि त्यांची भावंडं) ‘ड्राकट-इनिटक्यू टाइमआउट’च्या ओळींची रांग लागते.

झालं असं की फर्मवेअरने हात सोडल्यावर कर्नलला डिस्कपर्यंत स्वतःच्या ड्रायव्हरने पोचायचं असतं. शिदोरी बांधली गेली तेव्हा समोर व्हीएमवेअरचा कंट्रोलर होता. रेड हॅटचं ड्राकट बहुतेक वेळा ‘होस्ट-ओन्ली’ बांधतं, म्हणजे त्या मशीनला लागतात तेवढेच ड्रायव्हर. व्हर्टआयओचा ड्रायव्हर गाठोड्यातच नाही. डेबियनचं गाठोडं सहसा मोठं असतं, त्यामुळे तिथे हा प्रसंग कमी येतो.

खात्री करायची तर त्या खुणेवरच ‘एलएस /डेव्ह’ किंवा ‘कॅट /प्रॉक/पार्टिशन्स’ चालवा. यादीत एकही डिस्क दिसत नसेल तर निदान पक्कं. डिस्क दिसते पण हव्या त्या यूयूआयडीची (फाइलसिस्टिमच्या ओळखक्रमांकाची) नाही, तर प्रश्न पत्त्याचा आहे. तो ग्रबच्या मेनूतल्या ‘रूट=’ या भागात शोधायचा. डिस्क सापडून मशीन पुढे गेलं आणि नंतर एखाद्या माउंटपाशी (पार्टिशन फोल्डरला जोडण्यापाशी) अडकलं, तर ‘/ईटीसी/एफस्टॅब’ या माउंटच्या यादीत. कंट्रोलर बदलला की डिस्कचं नाव ‘एसडीए’चं ‘व्हीडीए’ होतं. या दोन ठिकाणी कुणी यूयूआयडीऐवजी नाव लिहून ठेवलं असेल तर मशीन तिथेच अडणार.

उपाय सोपा आहे, आणि तो पाहून सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मशीन बंद करा, डिस्क पुन्हा जुन्या प्रकारच्या कंट्रोलरला लावा, सुरू करा. सुरू झालं की ‘ड्राकट’ला ‘--नो-होस्टओन्ली’ देऊन शिदोरी पुन्हा बांधा, किंवा ‘--अ‍ॅड-ड्रायव्हर्स’ने व्हर्टआयओचे ड्रायव्हर नावानिशी घाला. डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’. मग बंद करून कंट्रोलर बदला. जुना कंट्रोलर नव्या ठिकाणी उपलब्धच नसेल तर ग्रबच्या मेनूत ‘रेस्क्यू’ असं लिहिलेली शेवटची ओळ पाहा. रेड हॅटच्या घराण्यात ती बहुधा असते, आणि तिची शिदोरी मुद्दाम सगळ्या ड्रायव्हरांसह बांधलेली असते. खूप मशीनं एकदम हलवायची असतील तर हाताने काही करू नका, ‘व्हर्ट-व्ही२व्ही’ हे साधन हे सगळं आपोआप करतं.

जुलै २०२०

ग्रब खरोखर बिघडतो असे प्रसंगही आहेत. सगळ्यात गाजलेला २९ जुलै २०२० चा. त्या दिवशी एक्लिप्सियम या सुरक्षा-संशोधन संस्थेने ग्रबमधली ‘बूटहोल’ ही त्रुटी जाहीर केली आणि बहुतेक वितरणांनी दुरुस्त केलेला ग्रब लगेच अपडेट म्हणून पाठवला. त्यानंतर डेबियन आणि उबुंटूची कित्येक मशीनं, त्यातही क्लाउडवरची व्हर्च्युअल मशीनं, रीबूट केल्यावर एका ओळीवर अडकली: ‘सिंबॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड’, आणि खाली ग्रब रेस्क्यूची खूण.

वर सांगितलेले ग्रबचे तुकडे आठवा. मॉड्यूल ‘/बूट/ग्रब’ फोल्डरात असतात, गाभा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या पट्टीत. दोन्ही एकाच आवृत्तीचे हवेत. अपडेट करताना फोल्डरातले मॉड्यूल नवे झाले. गाभाही नवा करायचा तर तो कुठल्या डिस्कवर लिहायचा हे पॅकेजला माहीत हवं, आणि डेबियनमध्ये ही माहिती पहिल्यांदा बसवताना नोंदवून ठेवलेली असते. पण क्लाउडवरचं मशीन आपण बसवत नाही, कुणीतरी बसवलेल्या डिस्कची ती नक्कल असते. नोंदीतली डिस्क त्या मूळ मशीनची होती, नकलेच्या मशीनमध्ये ती नाहीच. गाभा नव्याने लिहिला गेला नाही. जुना गाभा, नवे मॉड्यूल. नव्या मॉड्यूलला जे फंक्शन हवं होतं ते जुन्या गाभ्यात नव्हतं. म्हणजे इथेही मुळात डिस्कच्या भोवतालचं मशीनच बदललेलं होतं, फक्त त्याचा परिणाम दिसायला एक अपडेट यावं लागलं.

अशा वेळी मात्र ग्रब पुन्हा बसवणं हाच उपाय, आणि बसवून झाल्यावर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ चालवून नोंदीत बरोबर डिस्क निवडणं हा त्याचा दुसरा, सहज विसरला जाणारा भाग. तिथे संपूर्ण डिस्क निवडायची, तिच्यातलं पार्टिशन नाही. क्लोन केलेली डेबियन किंवा उबुंटूची बायोसवाली मशीनं तुमच्याकडे चालू असतील तर हे आजच पाहून ठेवता येईल.

हाताने दुरुस्ती

सगळ्यात आधी मशीन बंद असताना डिस्कच्या फाइलची प्रत काढा, किंवा स्नॅपशॉट (जिथे परत येता येईल अशी मशीनची टिपलेली अवस्था) घ्या. खऱ्या संगणकावर ही सोय नाही, इथे आहे, आणि ती न वापरण्याची किंमत मी मोजलेली आहे.

ग्रब रेस्क्यूच्या खुणेवर आज्ञा मोजक्याच चालतात. ‘एलएस’ दिलं की डिस्क आणि पार्टिशनची यादी येते. ग्रब डिस्क शून्यापासून मोजतो आणि पार्टिशन एकपासून, म्हणून पहिल्या डिस्कचं पहिलं पार्टिशन ‘एचडी०,एमएसडॉस१’ किंवा ‘एचडी०,जीपीटी१’ असं, कंसात, दिसतं. एकेका पार्टिशनला ‘एलएस’ लावून, शेवटी तिरकी रेघ देऊन, ‘बूट’ फोल्डर कशात आहे ते शोधा. सापडलं की ‘सेट रूट’ने ते पार्टिशन आणि ‘सेट प्रीफिक्स’ने त्यातला ‘/बूट/ग्रब’ फोल्डर सांगा. बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर नुसतं ‘/ग्रब’, रेड हॅटच्या घराण्यात ‘ग्रब२’. मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. मेनू आला तर अर्धी लढाई जिंकली. डिस्क मोठी करताना मधलं एखादं पार्टिशन काढून टाकलं आणि पुढच्यांचे क्रमांक बदलले, की ‘नो सच पार्टिशन’ येतं. त्यावर हा नेमका उपाय. मात्र तो त्या एका सुरुवातीपुरताच असतो, आत गेल्यावर ग्रब पुन्हा बसवावा लागतोच.

हे जमलं नाही तर लाइव्ह आयएसओ, आणि तो मशीनच्या योग्य पद्धतीतच सुरू झालाय ना ते आधी पाहा. रूट पार्टिशन ‘/एमएनटी’वर माउंट करा. एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी व्यवस्था) असेल तर त्याआधी ‘व्हीजीचेंज -एवाय’. बूटचं वेगळं पार्टिशन आणि ईएसपी आपापल्या जागी, म्हणजे ‘/एमएनटी/बूट’ आणि ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर. मग ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘रन’ हे चार फोल्डर ‘माउंट --आरबाइंड’ने आत जोडा आणि ‘सीएचरूट /एमएनटी’. आता तुम्ही बिघडलेल्या सिस्टिमच्या आत आहात. बायोस असेल तर ‘ग्रब-इन्स्टॉल’पुढे डिस्कचं नाव, यूईएफआय असेल तर नावाशिवाय. मग ‘अपडेट-ग्रब’. ‘ईएफआय व्हेरिएबल्स सपोर्टेड नाहीत’ अशी तक्रार आली तर आयएसओ बहुधा बायोस पद्धतीने सुरू झालेला आहे.

फेडोरावर यूईएफआय असेल तर ‘ग्रब२-इन्स्टॉल’ चालवायचं नाही. तिथे सही केलेल्या तयार फाइली पॅकेजमधून येतात, म्हणून ‘डीएनएफ रीइन्स्टॉल’ने शिम (सिक्युअर बूटमध्ये ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) आणि ग्रब२-ईएफआय ही पॅकेजं पुन्हा बसवायची. फेडोरा ३४ पासून खरी मेनूची फाइल ‘/बूट/ग्रब२’मध्येच असते. ईएसपीतली त्याच नावाची फाइल फक्त तिकडे बोट दाखवते, तिच्यावर नवा मेनू लिहू नका.

लाइव्ह आयएसओऐवजी काही जण बिघडलेली डिस्क एखाद्या चांगल्या मशीनला दुसरी डिस्क म्हणून जोडतात. क्लाउडवर पुष्कळदा तोच मार्ग असतो. दोन्ही मशीनं एकाच साच्यातून क्लोन केलेली असतील तर दोन्ही डिस्कचे यूयूआयडी एकच असतात. एक्सएफएस ही फाइलसिस्टिम मग माउंट व्हायला नकार देते, तिथे ‘-ओ नोयूयूआयडी’ लागतं. आणि अशा अवस्थेत मदतीला आलेलं मशीन रीबूट केलं तर ते दुसऱ्याच्या डिस्कवरून सुरू होऊ शकतं. शक्य तर वेगळ्या वितरणाचं मशीन मदतीला घ्या.

ग्रबसारखे दिसणारे, पण ग्रबचे नसलेले

हायपर-व्हीच्या दुसऱ्या पिढीत सिक्युअर बूट चालू असतं आणि त्याचा साचा विंडोजचा असतो. लिनक्ससाठी तो ‘मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सर्टिफिकेट अथॉरिटी’ करायचा.

‘अनेबल टु माउंट रूट एफएस’ म्हणत कर्नल पॅनिक आला तर बहुधा ‘/बूट’ भरून नवा इनिट्रॅमएफएस अर्धवट राहिला आहे. मेनूतून जुना कर्नल निवडून आत जा आणि जागा करा.

रेड हॅट ९ च्या घराण्यातलं मशीन कर्नलपर्यंत पोचून ‘सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२’ म्हणत कोसळलं तर मशीनच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरचा प्रकार फार जुना, ‘केव्हीएम६४’सारखा, निवडलेला आहे. तो ‘होस्ट’ करा.

मेनूनंतर पडदा काळा राहतो, पण मशीनला पिंग केलं तर उत्तर येतं? मग मशीन सुरू झालेलं आहे. मजकूर सीरियल कन्सोलवर जातोय किंवा ग्राफिक्सचा गोंधळ आहे. मेनूवर ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहून पाहा.

दुरुस्ती झाल्यावर मशीन आतून नुसतं रीबूट करू नका. पूर्ण बंद करा, आयएसओ काढून टाका, जोडलेली जास्तीची डिस्क सोडवा आणि मग सुरू करा. जुन्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये तर एनव्हीरॅमची चिठ्ठी रीबूटमध्ये टिकायची आणि मशीन बंद केलं की पुसली जायची. असं दोनदा सुरू झालं की मग स्नॅपशॉट काढून टाका.